वाइन गेली, चहा आला

गटारीच्या दुसऱ्या दिवशी आम्हा गालिचे साफ करणाऱ्यांचे फोन वाजतातच. त्या सकाळचा गंगापूर रोडवरच्या एका बंगल्यातून होता. काकू म्हणाल्या, "दादा, गालिच्यावर वाइन सांडलीय. रात्री लाल होती, आता निळी झालीय."

जाऊन बघतो तर खरंच ताटाएवढा निळसर करडा डाग. काय झालं ते वासावरूनच कळलं. मुलाच्या मित्राचा ग्लास लवंडला आणि सकाळी मावशींनी कपड्यांची पावडर टाकून ब्रशने घासलं. द्राक्षाच्या सालीचा रंग खारात निळा पडतो, आंबटात परत लाल होतो. हळदीला साबण लागला की लाल होते, तशीच ही गंमत.

कडेचा एक धागा उपटून काडी लावली. केस जळल्याचा वास आला, म्हणजे लोकर. मग क्लोरीनच्या ब्लीचचं नाव काढायचं नाही, लोकर विरघळते त्यात. व्हिनेगरच्या पाण्याने टिपत गेलो. डाग निळ्याचा गुलाबी झाला आणि टॉवेलवर उतरला. राहिलेल्या सावलीवर ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड, तेही आधी सोफ्याखालच्या कोपऱ्यात लावून बघून. तासाभरात डाग साफ.

इथेच थांबायला हवं होतं. पण पावडरचा फेस काही संपेना, म्हणून मी मशीनने तीन वेळा पाणी मारलं. बाहेर धो धो पाऊस, खिडक्या बंद. पंखा लावून ठेवा म्हणालो आणि पैसे घेऊन निघालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला फोन. "दादा, काल तुमच्यातल्या कुणी चहा सांडला का हो?"

चहाच वाटत होता, शपथ. वाइनच्या जागेभोवती हातभर तपकिरी पट्टा. माझा पोऱ्या लगेच डाग काढायचं औषध ओतायला निघाला, त्याला थांबवलं. गुडघ्यावर बसून बोटांनी लोकर फाकवली. बुडाशी धागे स्वच्छ, तपकिरी फक्त शेंड्यांना. वरून सांडलेलं असं दिसत नाही, ते खाली मुरतं. हे खालून आलं होतं. गालिच्याच्या पाठीला सुती कापड. ते तासन् तास ओलं राहिलं की त्यातला तपकिरी अंश पाण्याबरोबर वर चढतो, पाणी शेंड्यावरून उडून जातं आणि रंग तिथेच बसतो. माठावर पांढरे खार फुटतात ना, तसंच. त्यात पावडरचा खार आत राहिला की रंग जास्तच सुटतो. थोडक्यात, हा डाग माझाच होता, आणि काकूंना तसं सांगितलंही.

आता पाणी कमीत कमी. लिटरभर कोमट पाण्यात चमचाभर सायट्रिक अ‍ॅसिड, बारीक फवारा, तोही शेंड्यांपुरताच. दहा मिनिटांनी टॉवेलने टिपलं, मशीनने नुसतं ओढून घेतलं. गालिचा चार स्टुलांवर चढवला, खालून एक टेबलफॅन, वरून एक. या वेळी पाय न हलवता तिथेच बसून राहिलो. चार वाजेपर्यंत शेंडे परत मूळच्या रंगावर आले. पैशांचा विषय मी काढला नाही.

निघताना काकू म्हणाल्या, "चहा टाकलाय. पण ओट्याशी उभं राहून प्या बरं का."