वस्तऱ्याला रंग दिसत नाही

खेड्यातल्या कटिंगच्या दुकानातही आता अर्ध्या पात्याचा वस्तरा चालतो. गिऱ्हाईक उठलं की पातं बदललं. धारेचा पत्थर मग धोकटीतून फळीवर येऊन पडतो आणि फळीवर सगळा संसार असतो: चहाचा कप, खर्ऱ्याची (सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाची) पन्नी, जवसाच्या तेलाची बाटली, डबा उघडलेलं हळदीचं बोट. दगड फिकट असला, म्हणजे बेल्जियमचा पिवळसर कोटिक्यूल किंवा अमेरिकेतला पांढुरका आर्कान्सा, तर प्रत्येकाची सही त्यावर उमटते.

डाग दिसला की हात तारेच्या घासणीकडे जातो. तिचे बारीक तुकडे दगडात रुततात, गंजतात आणि एका डागाचे दहा होतात. त्याआधी डागावरून नख फिरवावं. नख अडखळलं तर तिथे काहीतरी बसलंय, ते धारेला लागणार. सरळ सरकलं तर तो नुसता रंग. वस्तऱ्याला रंग दिसत नाही, आपल्याला दिसतो. (काळ्या रेघा तर डागही नव्हेत, ते घासून उतरलेलं पोलाद. पाणी टाकून त्याच जातीच्या दगडाचा लहान तुकडा फिरवला की निघतं.)

हळद मात्र घाबरवते. सोड्याच्या साबणाने धुतली तर डाग पिवळ्याचा लालभडक होतो. दगड बिघडलेला नसतो, खारात हळद लाल होतेच. साध्या पाण्याने साबण काढावा, कापसावर स्पिरिट घेऊन टिपावं आणि उरलेलं उन्हावर सोडावं, कारण हळदीचा रंग उजेडाने उडतो. पण ऊन सकाळी आठचं. मे महिन्यातल्या दुपारी ओला थरांचा दगड अंगणात ठेवणं म्हणजे तो पापुद्र्यांनी सुटायला बोलावणं.

गंज आणि खर्रा यांचं औषध एकच, लिंबू. सुपारीचा तुरटपणा आणि पोलादाचा कीस एकत्र आले की शाईच तयार होते, तसाच तो काळा डाग. मात्र दगडाची जात ठाऊक नसेल तर आधी कडेला एक थेंब टाकावा. फेस आला तर दगडात चुना आहे, लिंबू बंद. नाही आला तर रसात भिजवलेला कापूस दहा मिनिटं ठेवून भरपूर धुवावं. मग चिमूटभर खाण्याचा सोडा चोळून पुन्हा धुवावं. आंबट राहिलं तर पुढचा गंज वस्तऱ्यावर चढतो.

सगळ्यात चिवट जवस. हे तेल सुकत नाही, हवेशी जुळून घट्ट होतं, रोगणासारखं. एका दिवसाच्या आत घासलेटने निघतं, आठवड्याने नाही. तेव्हा कपभर कोमट पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा विरघळवायचा आणि त्यात मुलतानी माती पिठल्याइतकी घट्ट कालवायची. डागावर अर्धा सेंटीमीटर थर देऊन रात्रभर पन्नीने झाकायचा. सोडा तेलाचा साबण करतो. सकाळी पन्नी काढली की वाळणारी माती तो साबण वर ओढून घेते. दोन-तीनदा करावं लागतं. दोन थर चिकटवलेला जुना दगड असेल तर पाणी गारच घ्यावं, नाहीतर जोड सुटतो. आर्कान्साला पातळ तेल लावूनच धार करतात, त्याचा तेलकटपणा हा डाग समजून कोणी तासभर घासत बसू नये.

अकोला-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात वेगळाच त्रास. विहिरीचं पाणी दगडावर वाळलं की पांढरी पुटं चढतात आणि त्यातलं मीठ पात्याला गंजवतं. तिथे शेवटचं धुणं पावसाच्या साठवलेल्या पाण्याने.

एवढं करूनही नख अडखळत असेल तरच दगड झिजवायचा. जाड काचेवर ४०० नंबरचा वॉटर पेपर (पाण्यात चालणारा पॉलिश पेपर), भरपूर पाणी, दगडावर पेन्सिलीच्या उभ्या-आडव्या रेघा. दर वीस हातांनी दगड उलट्या टोकाने धरायचा, नाहीतर एक बाजू खोल जाते. रेघा पुसल्या की थांबायचं आणि १००० नंबरवर शेवटचा हात. कोटिक्यूलचा वरचा थर काही वेळा जेमतेम काही मिलिमीटर असतो. हळदीच्या पुसट ठिपक्यासाठी तो खर्चू नये. मग फडक्याने टिपून दगड कडेवर उभा ठेवावा, सावलीत, चहाच्या कपापासून हातभर लांब.