धुराला किती गुण?

पहिल्या घोटाला मी चार गुण दिले. दहापैकी. वासाच्या रकान्यात तीनपैकी अर्धा, आणि तो अर्धाही दया म्हणून. समोर गडद तांबूस-तपकिरी बिअरचा अर्ध्या लिटरचा ग्लास, वर सायीसारखा दाट फेस, आणि नाकाशी नेला की थेट लाकडाचा धूर. बिअरमध्ये कुणीतरी जळकं ओंडकं बुडवून काढलं असावं असा.

"दाजी, पहिल्या ग्लासावर मार्क द्यायचे नसतात इथे," मेहुणा म्हणाला. "तिसऱ्यापर्यंत थांबायचं."

"अरे, तिसऱ्या ग्लासानंतर मी कुठल्याही पेपरला पैकीच्या पैकी देईन."

आमची ही बिअर पीत नाही. तिनं माझा ग्लास नुसता उचलला, वास घेतला आणि परत ठेवला. "अहो, हा तर बंबाचा वास. वाईला आजोळी सकाळी बंब पेटवला की न्हाणीघरात हाच वास भरायचा."

झालं. त्यानंतर मला त्या ग्लासात तांब्याचा बंबच दिसायला लागला.

हे सगळं घडलं जर्मनीतल्या बांबर्गला, श्लेंकर्ला नावाच्या दारूभट्टी-कम-खानावळीत. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. अठ्ठावीस वर्षं बोर्डाचे पेपर तपासलेत, त्यामुळे समोर काहीही आलं की गुण द्यायला हात शिवशिवतो. पुण्यात 2009 साली दूलाली ही स्वतःची बिअर गाळणारी जागा सुरू झाली आणि बाटलीतल्या पिवळ्या पाण्यापलीकडे बिअर नावाचा विषय आहे हे कळलं, तेव्हापासून मी एक वही ठेवली आहे. रंग आणि फेसाला दोन गुण, वासाला तीन, चवीला चार, आणि गिळल्यावर तोंडात काय उरतं त्याला एक. शिवाय प्रत्येक बिअरला तिच्या इयत्तेप्रमाणे तपासायचं. पिल्सनर कडवट नसेल तर गुण कापायचे, गव्हाची बिअर कडवट असेल तर कापायचे. दहावीच्या पोराला बारावीचा पेपर देऊन नापास करण्यात काय मर्दुमकी?

मे महिन्याच्या सुट्टीत न्यूरेंबर्गला मेहुण्याकडे गेलो तेव्हा वही अर्थातच बरोबर होती. तिथून बांबर्ग रेल्वेनं तासाभराच्या आत. बायर्न, म्हणजे बव्हेरिया राज्याचं तिकीट काढलं की एका तिकिटावर पाच जणांपर्यंत दिवसभर पॅसेंजर गाड्यांतून कुठंही फिरता येतं, फक्त आठवड्याच्या दिवशी सकाळी नऊच्या आधी चालत नाही. गाडीत हिनं चिवड्याचा डबा उघडला आणि शेजारच्या आजोबांनी शेंगदाणे तेवढे वेचून खाल्ले.

बांबर्ग गाव म्हणावं एवढंच. वस्ती ऐंशी हजारांच्या आत-बाहेर, आणि बिअर गाळणारे कारखाने डझनभर. स्टेशनबाहेर पडलो तर हवेत भाजक्या धान्याचा वास. जवळच वायरमान ही 1879 पासूनची माल्टची कंपनी आहे, तिच्या भट्ट्यांचा. माल्ट म्हणजे फार परकं काही नाही. आपल्याकडे बाळासाठी नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून सत्त्व करतात ना, तेच जवाचं करायचं. मोड आले की दाण्यात पिष्टाची साखर करणारी विकरं तयार होतात. मग वाळवून मोड थांबवायचे. वाळवताना किती उष्णता द्यायची त्यावर बिअरचा रंग ठरतो, फिकट सोनेरीपासून काळ्याकुट्टपर्यंत.

आता धुराची गोष्ट. पूर्वी हे मोडाचे जव वाळवायला खाली लाकडं पेटवायचे आणि त्याच धगीवर दाणे पसरायचे. धूर दाण्यांत मुरायचा. म्हणजे त्या काळात लाकडावर वाळवलेल्या माल्टची कुठलीही बिअर कमीअधिक धुरकटच असणार. पुढे नुसत्या गरम हवेवर वाळवायची सोय झाली, धूर वेगळा काढता यायला लागला आणि सगळ्यांनी सुटलो एकदाचे म्हणून जुन्या भट्ट्या मोडल्या. बांबर्गमधल्या दोन घरांनी तेवढ्या मोडल्या नाहीत. एक श्लेंकर्ला, दुसरं श्पेत्सिआल. दोघंही अजून आपला माल्ट स्वतः बीच नावाच्या झाडाच्या लाकडावर धुरवतात. लाकडातलं लिग्निन जळताना ग्वायकॉल आणि त्याची भावंडं बाहेर पडतात. हा वास त्यांचा. वर्गात हे मी कितीतरी वर्षं फळ्यावर लिहीत आलो, पण पोटात पहिल्यांदा गेलं ते इथं.

मेहुण्यानं शहाणपणानं सुरुवात श्पेत्सिआलपासून करवली होती. 1536 सालची ही भट्टी, स्टेशनपासून दहा मिनिटांवर, ओबेरं क्योनिगश्ट्रासं या रस्त्यावर. रस्त्याच्या बरोब्बर पलीकडे फेस्ला, 1649 ची. पाटीवर पिंप ढकलणारा बुटका. दोन स्पर्धक समोरासमोर, एकमेकांकडे बघत पावणेचारशे वर्षं. श्पेत्सिआलची धुराची बिअर सौम्य निघाली. तांबूस, हलकी, धूर लांबून येतो, शेजारच्या आळीत कुणी भाकरी टाकत असावं तेवढा. सात गुण दिले आणि वर मेहुण्याला सुनावलं, "एवढंच ना? उगाच घाबरवत होतास." फेस्लात साधी लागर, म्हणजे गारव्यात मुरवलेली बिअर घेतली. स्वच्छ, ब्रेडच्या कडेसारखी गोडसर. साडेसात. तिथं बाम्बरगाटोर नावाची साडेआठ टक्क्यांची एक बिअर मिळते, पण सकाळचे साडेअकरा वाजले होते आणि ही समोर बसली होती.

तिथून चालत नदीकडे. रेग्निट्झच्या मधोमध, पुलावर उभं असलेलं जुनं नगरभवन, भिंतींवर चित्रं. टेकडीवर चार मनोऱ्यांचं कॅथेड्रल, त्यात एका पोपची कबर. जुनं गाव 1993 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. फोटो सगळ्यांचे असतात तसे माझेही आहेत. आपण श्लेंकर्लात जाऊ.

कॅथेड्रलच्या पायथ्याशी, अर्ध्या लाकडी चौकटीचं घर. या जागेचा पहिला उल्लेख 1405 चा. 'श्लेंकर्न' म्हणजे झोकांड्या खाणं. इथला एक जुना मालक हात-पाय झुलवत चालायचा म्हणून लोकांनी त्याला श्लेंकर्ला म्हणायला सुरुवात केली. शेवटचा 'ला' इथल्या बोलीतला लाडाचा. आपल्याकडे गण्या, पम्या म्हणतात तसं. भट्टीला मालकाचं टोपणनाव चिकटलं ते आजतागायत. आत काळ्या पडलेल्या तुळया, लांब बाकं, टेबल अनोळखी माणसांबरोबर वाटून घ्यायचं. बिअर लाकडी पिंपातून, कसलाही पंप न लावता, नुसत्या उतारानं ग्लासात येते. अर्ध्या लिटरला इथं झायदला म्हणतात. तेवढा एक शब्द आला की काम भागतं.

तर पहिला ग्लास, चार गुण. मी नाक मुरडत संपवला, कारण पैसे दिले होते. दुसरा मेहुण्यानं न विचारता मागवला. दुसऱ्याच्या मध्यावर काहीतरी बदललं. धूर आहे हे माहीत होतं, पण तो ओरडत नव्हता. त्याच्या मागून आधी कडवटपणा आला, कोरडा, जिभेच्या कडांना धरणारा. मग त्याच्याही मागून माल्ट, करपायच्या आत उतरवलेल्या गुळाच्या पाकासारखा. हे सगळं पहिल्या ग्लासातही असणारच, पिंप तेच होतं. वही काढली, साडेपाच केले. तिसऱ्या ग्लासाला साडेसात.

तिसऱ्याच्या सुमारास मला माझाच धडा आठवला. एकच वास सतत येत राहिला की नाक त्याची खबर देणं सोडून देतं. अत्तराच्या दुकानात बसलेल्याला अत्तर कळत नाही. धुराला नाक सरावल्यावर बाकीचा पेपर वाचता आला. पहिला ग्लास मी तपासलाच नव्हता, नुसतं अक्षर बघून गुण दिले होते.

"म्हणजे सकाळचे मार्कसुद्धा चुकले?" मेहुण्यानं विचारलं. त्याला माझा जीव कुठं अडकणार हे बरोबर कळतं.

चुकलेच की. श्पेत्सिआलचा धूर कमी, म्हणून ती पहिल्याच ग्लासाला गोड वाटली. पण मग तिला सात आणि हिला चार, हा न्याय कुठला? बरं, आता हिला तीन ग्लास दिले तर श्पेत्सिआललाही तीन द्यायला हवेत. मी वहीत बाण काढले, समासात 'फेरतपासणी' लिहिलं. ही शांतपणे सफरचंदाचा रस-सोडा पीत होती. म्हणाली, "बोर्डात पण असंच करता का हो?"

श्लेंकर्लाचीच एक फिकट लागरही मिळते, आणि तिची गंमत वेगळी. तिच्यात धुराचा माल्ट घालतच नाहीत. पण शिजते त्याच भांड्यांत आणि आंबते त्यांच्याच यीस्टवर, म्हणून धुराची एक पुसट सावली उतरते. मटणाच्या पातेल्यात दुसऱ्या दिवशी केलेल्या आमटीसारखं. हिला आठ. एकाच ग्लासावर. तोवर माझं नाक मुरलेलं होतं, त्यामुळे हेही गुण कितपत खरे देव जाणे.

मुक्काम करायचा बेत नव्हता, पण केला.

दुसऱ्या दिवशी वुंडरबुर्ग नावाच्या भागात गेलो. तिथंही समोरासमोर दोन भट्ट्या, मार्स आणि केसमान. या गावात एकटी भट्टी बहुतेक करमत नसल्यानं मरत असावी. केसमानची पिल्स घेतली: सरळ, कडक, हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा, हिरवा गवताळ वास. आठ. मार्समध्ये मात्र वेगळाच मामला. तिथली नावाजलेली बिअर 'उनगेश्पुंडेट', म्हणजे बूच न मारलेली. मुरताना पिंपाचं भोक बंद करत नाहीत, वायू निघून जातो, बिअर शांत राहते. गाळतही नाहीत, त्यामुळे थोडी गढूळ. एवढं लांब नाव कोण घेणार? लोक काउंटरवर नुसतं "आ ऊ" म्हणतात, एक ऊ द्या. मीही म्हणालो. आली. मधाच्या रंगाची, बुडबुडे नावाला, तोंडात मऊ, ताज्या पावाच्या लुसलुशीत पोटासारखी. आपण बिअर म्हणजे ढेकर असं धरून चाललेलो असतो, ते या ग्लासानं मोडलं. साडेआठ, आणि खाडाखोड नाही. दोन दिवसांतला सगळ्यात वरचा आकडा हाच.

मधे एके ठिकाणी फजिती झाली. या भागात वाढपी बाई ग्लास ठेवला की त्याखालच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं एक रेघ ओढते, शेवटी रेघा मोजून बिल. वही खोलीवर राहिली होती, म्हणून मी माझे गुण त्याच पुठ्ठ्याच्या कडेला उभ्या रेघांनी मांडले. चवीचे तीन, वासाचे दोन, असे. बाई आल्या, रेघा मोजल्या, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा मोजल्या आणि आदरानं मान हलवली. नऊ झायदलांचं बिल. मेहुण्यानं जर्मनमध्ये समजावलं तेव्हा शेजारचं अख्खं टेबल हसलं. आदर मात्र गेला.

पैशाच्या बाबतीत हे लोक चोख आहेत, त्याला इतिहास आहे. 1907 साली भट्टीवाल्यांनी ग्लासामागे एक फेनिग (तिथला जुना पैसा) वाढवला तर गावानं गावचीच बिअर सोडली, बाहेरगावची आणून प्यायली, आणि भट्टीवाल्यांना भाव मागे घ्यावा लागला.

संध्याकाळी टेकडीवर श्पेत्सिआलच्या केलरला. केलर म्हणजे तळघर, पण इथं 'तळघरावर' जातात. फ्रिज नव्हते तेव्हा बिअर गार राहावी म्हणून टेकड्यांच्या पोटात भुयारं खणली, ती तापू नयेत म्हणून वर झाडं लावली, आणि झाडांच्या सावलीत कुणीतरी बाकं टाकली. खाली बिअर मुरते, वर माणसं. मेमध्ये उजेड नऊपर्यंत हटत नाही. समोर चारही मनोरे. पुठ्ठ्यावर रेघा फक्त बाईंनीच ओढल्या. कालच्या सौम्य धुराचे दोन ग्लास घेतले आणि सातचे साडेसात केले. तिसरा घ्यायला हवा होता, नियमानं. पण परतीची गाडी होती.

स्टेशनला जायच्या आधी मेहुण्याला पाच मिनिटांसाठी श्लेंकर्लात डोकवायचं होतं. पाच मिनिटांत बसता येत नाही, पण दाराच्या आतल्या बोळात खिडकीवर ग्लास घेऊन बाहेर रस्त्यात उभं राहून पिता येतं. निम्मं गाव तसंच पीत होतं. चौथा ग्लास. आता धूर पहिल्या सेकंदाला भेटला आणि वाटेतून बाजूला झाला. मी वही काढली, साडेसात खोडलं आणि पेन धरून उभा राहिलो. आठ द्यावेत की साडेआठ? मार्सच्या ऊच्या बरोबरीला बसवायचं का?

"द्या इकडे," ही म्हणाली.

मला वाटलं, वही आवरायला मागतेय. तिनं माझ्या हातातला ग्लास घेतला, एक घोट प्याली, तोंड वाकडं केलं, मग दुसरा घेतला. मोठा. तेवीस वर्षांच्या संसारात तिला बिअर पिताना मी पहिल्यांदा पाहिलं. मग वहीही घेतली आणि माझ्या आकड्यांखाली स्वच्छ अक्षरात लिहिलं:

'6. सोबत बाजरीची भाकरी आणि खर्डा हवा होता.'

गाडी चुकली. पुढची यायला वेळ होता, म्हणून मेहुणा पुन्हा खिडकीकडे गेला. "ताई, तुला अर्धा की पूर्ण?"