कापसाची खोली, साडेसात हजार अन् माझं शिवणकाम

आमच्या घरात सगळ्यात मोठी खोली कापसाची. दहा बाय चौदा, वर टिन, खाली कोबा, एकच दोन फुटाची खिडकी अन् तिलाही उंदीर येऊ नये म्हणून बारीक जाळी ठोकलेली. दिवाळीच्या मागंपुढं कापूस भरणं सुरू झालं की भाव येईपर्यंत ती खोली बंद, मग कधी फेब्रुवारी उजाडतो कधी होळी, अन् उरलेले सात-आठ महिने तिच्यात फवारणीचा पंप, तुरीचे रिकामे पोते, मोडका कूलर अन् सासऱ्यांची सायकल. मी मात्र स्वयंपाकघराच्या दाराशी पायाची मशीन लावून शिवायची. तिकडं फोडणी पडली की इकडं मखमलीला वास.

मी काय शिवते तर गोधड्या, बटवे, तोरणं, पण खरं काम म्हणजे तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलांच्या झुली. आमच्या विदर्भाबाहेरच्यांना सांगावं लागतं, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान पोरं आपापले लाकडी बैल सजवून घरोघरी नेतात अन् लोक त्यांना बोजारा, म्हणजे पैसे-खाऊ, देतात. बैल वीतभर असतो तसा दोन-अडीच फुटाचाही असतो, आजोबाच्या वेळचा सागवानी. प्रत्येकाची पाठ वेगळी, म्हणून झूलही मापानंच शिवावी लागते. घाटंजीच्या एका दुकानदारानं 2024 च्या पोळ्याला चाळीस झुली मागितल्या होत्या, मी कशाबशा बावीस दिल्या, कारण कापलेलं कापड ठेवायलाच जागा नव्हती अन् धाकट्यानं गोट्याचं, म्हणजे जरीच्या पट्टीचं, अख्खं रीळ विहिरीच्या बादलीला बांधलं होतं.

तर 2025 च्या मार्चमध्ये कापूस सीसीआयला, म्हणजे सरकारी खरेदीला, गेला (लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला 7,521 होता तेव्हा) अन् खोली रिकामी झाली. माझ्याकडं लाडक्या बहिणीचे जुलै ते नोव्हेंबरचे पाच हप्ते, साडेसात हजार, मी हात न लावता ठेवले होते. यांना म्हटलं खोली मला द्या. हे म्हणे, "घे ना, पण दिवाळीले कापूस येते, तवा खोली खाली पायजे मले." म्हणजे भिंतीत पक्कं काही बसवायचं नाही, जे करायचं ते दोन माणसांनी उचलून बाहेर नेता येईल असंच. यूट्यूबवर त्या बायका गुलाबी कपाट अन् रंगीत डबे दाखवतात ना, ते तिथंच बाद.

पहिल्याच दिवशी चूक. मी उत्साहात झाडू घेऊन खोली कोरडीच झाडली. ज्यांच्या घरात कापूस साठवला जातो त्यांना कापसाची खाज माहीत आहे, बारीक किडे असतात, दिसत नाहीत पण मानेवर, पोटावर, दंडावर पुरळ उठते. रात्रभर खाजवलं, पोरीलाही झालं, दुसऱ्या दिवशी डॉक्टर अन् मलम. मग आत्याबाईनं सांगितलं तसं केलं, आधी पाणी शिंपडून झाडणं, सगळा तूस ओला करून गोळा करायचा अन् जाळायचा, दोन दिवस दार-खिडकी सताड उघडी, तिसऱ्या दिवशी कडुनिंबाचा धूर. अन् काम झाल्यावर कपडे बाहेरच काढून आंघोळ. हे आधी विचारलं असतं तर मलमाचे पैसे वाचले असते.

मग चुना. रंगाच्या दुकानात डिस्टेंपरचा भाव ऐकून मी सरळ कळीचा चुना घेतला, सोबत नीळ, फेविकॉल अन् एक कुंचा, सगळं मिळून 540 रुपये. कळी भिजवायची कशी हे मला माहीत होतं, म्हणजे असं मला वाटत होतं. प्लॅस्टिकच्या बादलीत कळी टाकली अन् वरून पाणी ओतलं, ते असं खदखदलं की पाच मिनिटात बादलीचा बुड मऊ होऊन बसला, नवी बादली 180 ची गेली. चुन्याला लोखंडी घमेलं किंवा जुना टिनाचा डबाच घ्या, पाणी थोडं थोडं टाका अन् तोंड लांब ठेवा, डोळ्यात उडाला तर लय वाईट. रात्रभर मुरू दिला, सकाळी गाळला, त्यात फेविकॉल टाकलं म्हणजे भिंतीला टेकलं तरी कपड्याला पांढरं लागत नाही. दोन हात मारले. आत्याबाई दारात उभ्या, "काहून वं, खोलीले नवरी करून रायली का?"

आता खरी गोष्ट, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसली. आमच्याकडं एप्रिल-मेमध्ये टिनाखाली बसणं म्हणजे तव्यावर बसणं. पोरीच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी आणलेला थर्मामीटर खोलीत टांगला तर दुपारी तीनला 43. मी तोपर्यंत व्हिडिओ पाहून मनात टेबल, जाळी, खण असा सगळा नकाशा काढून ठेवला होता अन् पैसे त्यातच घालणार होती. 43 पाहिल्यावर वही बंद केली अन् पहिले छत धरलं. उरलेला चुना घट्ट करून त्यात जास्त फेविकॉल घातलं अन् यांनी तो सकाळी सहाला टिनावर मारला, सहालाच, कारण नऊनंतर टिनावर पाय ठेवता येत नाही. पांढऱ्यावर ऊन परततं. त्यावर तुराट्या, आमच्याच शेतातल्या, तूर काढल्यावर बांधावर पडलेल्या असतात त्या. फुटभर थर, बायंडिंगच्या तारेनं आडव्या-उभ्या बांधून. पहिल्या वेळी नुसत्या टाकल्या होत्या तर एका संध्याकाळच्या वाऱ्यानं अर्ध्या शेजाऱ्याच्या अंगणात, अन् त्यातून विंचू निघाला तो वेगळाच तमाशा. तुराट्या आधी आपटून घ्या, अन् चुलीचा धूर जिकडून येतो तिकडच्या कडेला टाकू नका, वाळल्या तुराटीला पेटायला काही लागत नाही. हे सगळं झाल्यावर त्याच वेळी थर्मामीटरवर 38. पाच अंश, अन् खर्च जवळपास काहीच नाही. चुना पहिल्या मोठ्या पावसात धुऊन जातो, दर उन्हाळ्यात मारावा लागतो, पण चालते.

कूलर मी एकच आठवडा वापरला. मोडका कूलर यांनी दुरुस्त केला, नव्या ताट्या लावल्या, गार झालं खरं, पण बंद खोलीत दमट हवा भरली अन् मापाचे कागद पापडासारखे वाकले, माझ्या चांगल्या कात्रीला गंज धरला. नवी कात्री 450. मग कूलर घरात अन् इथं 1,550 चा सिलिंग फॅन. फॅनखाली गोटा अन् कागद उडतात, त्यावर सायकलच्या बेअरिंगचे छर्रे कापडात शिवून वजनं केली.

उजेडाचं मला आधी काही कळत नव्हतं. जुन्या पिवळ्या बल्बखाली मी रात्री मरून रंगाच्या झुलीला तपकिरी दोरा लावून बसली होती, सकाळी उसवावं लागलं. वायरमन दादानं सांगितलं, "वहिनी, दोन ट्यूब लावा, एक डावीकडून एक उजवीकडून, मंग हाताची सावली पडत नाही." 20 वॅटच्या पांढऱ्या उजेडाच्या दोन एलईडी ट्यूब, वायर, बोर्ड अन् त्याची मजुरी धरून 1,480. हा सगळ्यात शहाणपणाचा खर्च. आमच्याकडं संध्याकाळी व्होल्टेज पडतं तेव्हा जुनी चोकवाली ट्यूब नुसती लुकलुकायची, ह्या पडत्या व्होल्टेजमध्येही जळतात. अन् मशीन अशी ठेवली की खिडकीचा उजेड डाव्या हाताला येतो.

टेबलासाठी दोन महिने हिंडली. शेवटी कबाड्याकडं जुन्या शिलाई मशिनीचे दोन लोखंडी स्टँड, 800 ला दोन. त्यावर सासऱ्यांच्या पडक्या घराचा सागवानी दरवाजा आडवा. काय दिसलं म्हणता! फोटो काढून बहिणीला पाठवला. अन् कापड कापायला बसली तर दरवाज्याला चौकटी खोदलेल्या, कात्री खड्ड्यात गेली की रेघ वाकडी. म्हणून त्यावर 1,100 चं पातळ प्लाय, यवतमाळहून टेम्पोनं आणलं, टेम्पोचे 300. प्लायवर फ्लेक्स. विधानसभेच्या इलेक्शननंतर गावात फ्लेक्सला तोटा नव्हता, खताच्या गोडाउनवर झाकायचा एक मोठा मागून आणला. पांढरी बाजू वर, हात जोडलेले उमेदवार खाली, त्यावर पेनानं इंचाच्या रेघा मारून घेतल्या तर मापाची पट्टी शोधावी लागत नाही. उंची मात्र चुकली होती, स्टँडची उंची बसून शिवायची, उभ्यानं कापलं की कंबर जाते. स्टँडच्या पायाखाली विटा देऊन टेबल छत्तीस इंचावर आणलं, माझ्या कोपराच्या चार बोटं खाली. तुम्ही तुमच्या कोपरानं मोजा, माझी उंची पाच फूट एक आहे. गोधडी पसरायची असली की प्लाय अन् दरवाजा भिंतीला उभे, खाली सगळा कोबा मोकळा.

बाकीचं भराभर सांगते. गोडेतेलाचे पंधरा किलोचे पिपे, तोंड कापून आडवे रचले, बारा पिप्यात बारा रंगाचं कापड. कापलेली कड पक्कडनं आत वळवायची असते, मी नाही वळवली, अंगठा फाटला, टिटॅनसचं इंजेक्शन. मलम अन् इंजेक्शन मिळून 260 रुपये, स्टुडिओच्या, म्हणजे ह्या खोलीच्या, वहीतच लिहिले, काहून की खर्च स्टुडिओचाच. भिंतीला 320 ची वेल्डिंग जाळी दोन खिळ्यांवर टांगली अन् सायकलवाल्याकडच्या टाकाऊ स्पोक वाकवून त्यांचे हूक केले, फुकट. त्यावर कात्री, टेप, गोट्याची रिळं. फळीला उलटे खिळे ठोकून दोऱ्याच्या रिळी. झुलीचे कागदी साचे खिळ्याला अडकवलेत, मागं बैलाची लांबी लिहिलेली, मान ते शेपटी, अन् ज्याचा बैल त्याच्या घराचं नाव. पुढच्या वर्षी माप घ्यायलाच जायचं नाही.

मशिनीबद्दल एक. ह्या खोलीत कितीही झाडलं तरी कापसाचा तूस फटींमधून निघतच राहतो अन् तो दातरीखाली, म्हणजे कापड सरकवणाऱ्या दात्यांखाली, जाऊन तेलात भिजून नमद्यासारखा बसतो. टाका सुटायला लागला तेव्हा मला वाटलं मशीन गेली. पट्टी काढून पाहिली तर बोटभर गोळा. आता दर शनिवारी जुन्या रंगाच्या ब्रशनं साफ करते, मग तेल. शेजारची म्हणे विश्वकर्मा योजनेत नाव टाक, शिंप्यांना साहित्यासाठी 15,000 चं व्हाउचर मिळतं. टाकलं आहे. आलं तर मोटर बसवीन.

वही सांगते 6,980 गेले, 520 उरले, त्याचे आरसे अन् लोकर आणली. पोळ्याला एकोणचाळीस झुली दिल्या. चाळिसावी मुद्दाम ठेवली, आमच्या घरच्या बैलाची.

मग पाऊस. ऑगस्ट-सप्टेंबरभर थांबलाच नाही, वावरात पाणी उभं, खालची बोंडं सडली, वरची काळी पडली. मागच्या वर्षी त्याच सहा एकरात पंचवीस क्विंटल होता. दिवाळीच्या आधी मी ठरल्याप्रमाणं आवरायला घेतलं, जाळी उतरवली, पिपे ओसरीत नेले, साच्यांचा गठ्ठा बांधला. सीतादही, म्हणजे वेचायच्या आधीची वावरातली पूजा, झाली, वेचा सुरू झाला, पहिल्या दोन वेच्याचा कापूस बैलबंडीत आला तर तो बंडीच्या निम्म्यालाही नव्हता. यांनी खोलीत येऊन टेबलाचं एक टोक धरलं, मी दुसरं धरलं, बाहेर काढायला. तर हे टेबल नुसतं खिडकीकडं सरकवून थांबले. म्हणे, "राहू दे तुयं टेबल. यंदा जागा उरते."

मी काहीच बोलली नाही. फ्लेक्सचा उरलेला तुकडा मधे पडद्यासारखा बांधला, पलीकडं कापूस अन् अलीकडं मी. एकूण नऊ क्विंटल झाला, 2025-26 चा हमीभाव 8,110 आहे पण डाग पाहून किती देतात ते अजून कळायचं आहे. पडद्यावरचे उमेदवार आता माझ्याकडं तोंड करून हात जोडून उभे आहेत. संध्याकाळी मानेला जराशी खाज सुटते. जाळी मी परत टांगली अन् मशीनवर जुन्या धोतराचं कव्हर शिवून टाकलं, तूस दातरीत जाऊ नये म्हणून.