आयसीयू सोडून शाळेत गेले त्याची गोष्ट

घरी फोन केला की आत्याचा ठरलेला प्रश्न असतो, "अगं, एवढं आयसीयू शिकलीस आणि आता शाळेत पोरांना पट्ट्या बांधतेस?" तिला फोनवर दोन मिनिटांत सांगता येत नाही, म्हणून आज सगळं लिहिते.

मी सांगलीची. बीएस्सी नर्सिंग, मग पुण्यात तीन वर्षं आयसीयू, लग्नानंतर अमेरिकेत न्यू जर्सीला आले, एनक्लेक्स ही इथली नर्सिंगची परीक्षा दिली, आरएन म्हणजे रजिस्टर्ड नर्सचं लायसन्स मिळालं आणि हॉस्पिटलच्या नाइट्स सुरू झाल्या. शाळेत नर्स म्हणून यायचं तर इथे नुसतं लायसन्स पुरत नाही, राज्याच्या शिक्षण खात्याचं वेगळं सर्टिफिकेट काढावं लागतं. त्यातही दोन प्रकार, एकावर फक्त नर्सिंग करता येतं आणि दुसऱ्यावर वर्गात आरोग्य शिकवताही येतं. मी दुसरंच घेतलं, कारण मला पाळी येण्याआधी कोणी एक शब्द सांगितला नव्हता आणि ती भीती मी अजून विसरले नाहीये.

आता रोजचं काम. दुसरीतला एक मुलगा आहे, आपल्याकडचाच, टाइप वन डायबेटिस, म्हणजे इन्सुलिन बाहेरूनच द्यावं लागतं. जेवणाआधी तो माझ्याकडे येतो, शुगर मोजणाऱ्या सेन्सरवरचं रीडिंग बघतो, मग डब्यात किती कार्ब, म्हणजे कर्बोदकं, आहेत ते मोजून तेवढं इन्सुलिन. चिप्सच्या पाकिटावर कार्ब छापलेले असतात हो, पण पोळीवर कुठे लेबल असतं? मग त्याच्या आईशी बोलले, तिने घरी वजनकाट्यावर पोळ्या मोजल्या, आणि आता डब्याच्या झाकणावर रोज चिठ्ठी असते, "२ पोळ्या, ३० ग्रॅम. भाजी वेगळी लिहिली आहे." डॉक्टरांच्या ऑर्डरप्रमाणे हिशोब तो करतो, मी तपासते, इन्सुलिन पंपाचं बटण तोच दाबतो. परवा शुगर खूपच कमी, ६२ आली, चेहरा पांढरा पडला, हात थरथरत होते. १५ ग्रॅम कार्बचा ज्यूस दिला, १५ मिनिटं शेजारी बसले, परत बघितलं, ९४. लगेच म्हणाला, "मी जाऊ? सायन्स चालू आहे."

हे जे "वर्गात परत जाणं" आहे ना, माझं सगळं काम त्यासाठीच. १९०२ साली इथून जवळच, न्यूयॉर्कमध्ये, लीना रॉजर्स नावाच्या नर्सला चार शाळांत महिनाभराच्या प्रयोगासाठी नेमलं होतं. तेव्हा उवा, खरूज, डोळे आलेली मुलं सरळ घरी पाठवायचे आणि गरिबाघरी उपचार कोण करणार, ती मुलं घरीच बसायची. तिने शाळेतच उपचार केले, घरोघरी जाऊन आयांना शिकवलं, मुलं परत यायला लागली, आणि शहराने अजून नर्सेस घेतल्या.

मी शिक्षकांनाही शिकवते. ॲलर्जीचा जोरदार झटका आला तर द्यायचं इंजेक्शन म्हणजे एपिपेन, सरावाचं पेन घेऊन मांडीच्या बाहेरच्या बाजूला दाबायचं, तीन सेकंद धरायचं, ९११ या इथल्या इमर्जन्सी नंबरला फोन लावायचा. पहिल्यांदा सगळे घाबरतात म्हणून मी प्रत्येकाकडून चार-चार वेळा करून घेते.

आपल्याकडे आरबीएसकेची, म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची, टीम शाळेत वर्षातून एकदा तपासणीला येते आणि ते काम मोलाचं आहे, पण बाकीच्या दिवशी शुगर ६२ झाली तर त्या पोराजवळ कोण बसणार, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. नर्सिंग करणाऱ्या मुलींनो, याबद्दल काही विचारायचं असेल तर खुशाल विचारा, सर्टिफिकेटचं सगळं सांगेन. आणि आत्या, पट्ट्यासुद्धा बांधते गं, आज सात बांधल्या.