अण्णांच्या दिंडीतून चालताना

2024 च्या आषाढीला मी वारीला गेले. त्याच्या आदल्या दिवाळीनंतर आमचे अण्णा गेले, म्हणजे माझे वडील, आणि त्यांच्या दिंडीतल्या लोकांचा फोन आला की पोरी तू ये, अण्णांची जागा रिकामी नको. पूर्ण आळंदीपासून जायला रजा मिळत नव्हती म्हणून लोणंदला जाऊन मिळाले. नीरेला माउलींच्या पादुकांना स्नान घालून पालखी सातारा जिल्ह्यात येते आणि आम्ही सातारकडचे, त्यामुळे तिथूनच सुरुवात करावी असं मनातही होतं.

अण्णा एसटीत मेकॅनिक. 1974 ला लागले, 2010 ला रिटायर झाले. लोक म्हणतील एसटीतल्या माणसाला वारी काय अवघड, पण खरं उलटं असतं. आषाढीला महाराष्ट्रभरातून जादा गाड्या सुटतात, पंढरपुरात तात्पुरते स्टँड उभे राहतात आणि गाडी बंद पडली की बघायला तिथे मेकॅनिक लागतातच, मग रजा कुठली. नोकरीत असताना बहुतेक आषाढ्या अण्णा पंढरपुरातच असायचे पण चिखलात गाडीखाली झोपून, हातात पान्हा. ड्युटी संपली की गर्दीतून जमलं तर नामदेव पायरीपर्यंत, नाहीतर लांबूनच कळसाला हात जोडायचे आणि परत. घरी आल्यावर आई विचारायची दर्शन झालं का, तर म्हणायचे, "कळस दिसला की झालं."

आणि नोकरीवर भागत नव्हतं हे पण खरंय. आम्ही तीन भावंडं, आजी, आत्या. जून महिना म्हणजे शाळेच्या युनिफॉर्मचा सीझन, डेपोतून आले की हातपाय धुवायचे, चहा घ्यायचा आणि पायमशीनवर बसायचे ते रात्री एक वाजेपर्यंत. अर्ध्या गावातली पोरं अण्णांनी शिवलेल्या खाकी चड्ड्या घालून शाळेत जायची. शिवण कुणाकडे शिकले नव्हते, जुना शर्ट उसवून त्याचे तुकडे कागदावर मांडून शिकले. गल्लीतले मिक्सर, पंखे, पाण्याची मोटर सगळं आमच्या ओट्यावर. लग्नाकार्यात शे-दोनशे माणसाचं पिठलं-भात एकटे काढायचे. आई एकदा खूप आजारी होती तेव्हा शाळेत जाताना माझ्या वेण्या अण्णा घालायचे, वायर पिळल्यासारख्या घट्ट, संध्याकाळपर्यंत एक केस सुटायचा नाही.

पण पखवाज हा त्यांचा जीव. रिटायर झाल्यावर 2011 पासून वारीला जायला लागले ते पखवाज घेऊनच.

दिंडीत पोचले तर पहिल्याच मुक्कामाला ओळख करून द्यायची गरजच पडली नाही. एक आजी आल्या, आधी माझ्या पाया पडल्या, मग मी त्यांच्या, वारीत लहानथोर सगळे माउलीच. मग म्हणाल्या, "अण्णांची लेक ना गं तू? ही राहुटी बघ, तुझ्या बापानं शिवलेली हाय." मी हात लावून बघितलं. मधल्या खांबापाशी कापड फाटलेलं होतं तिथं आतून जाड ताडपत्रीचा चौकोन लावून कडेनं दुहेरी टीप मारलेली, आणि कोपऱ्यात टीप परत मागे घेऊन गाठ मारलेली. ही त्यांची सवय, युनिफॉर्मच्या खिशाला पण असंच करायचे, म्हणायचे पोरं खिशात दगड भरतात कोपरा आधी उसवतो. रात्रभर पाऊस पडला पण त्या चौकोनातून एक थेंब आत आला नाही, मी झोपले नाही तेवढं बघत बसले.

दुसऱ्या दिवशी चांदोबाचा लिंब, तिथं पहिलं उभं रिंगण. दिंड्या दोन्हीकडे उभ्या, मधून अश्व धावत जातात, पुढे स्वाराचा आणि पाठोपाठ माउलींचा, ज्याच्यावर कुणी बसत नाही. टाळांचा आवाज एवढा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. आणि त्या सगळ्यात मला आमच्या दिंडीचा पखवाज वेगळा ऐकू येत होता. वाजवणारा पंचवीस-सव्वीसचा पोरगा, अण्णांनीच तयार केलेला. संध्याकाळी तरडगावला हरिपाठाच्या आधी तो पखवाज लावत होता तर मी जाऊन बसले. डाव्या पुडीला, म्हणजे धुमाला, ओली कणीक लावतात, वाजवून झालं की काढून टाकायची, परत वाजवताना नवीन. किती लावायची ते मापात नसतं. जास्त झाली तर आवाज बसतो, कमी झाली तर घुमत नाही. तो अंगठ्यानं कणीक दाबत कडेला पसरवत होता, मधेच थाप मारायची, कान लावायचा, चिमूटभर काढायची. अगदी अण्णांसारखंच डोकं डावीकडे कललेलं. मग हातोडी घेऊन शाईच्या बाजूचे, म्हणजे उजव्या काळ्या ठिपक्याच्या पुडीकडचे, वाद्यांत अडकवलेले लाकडी गठ्ठे ठोकत सूर चढवला, कारण पावसाळी हवेत चामडं सैल पडतं. म्हणाला, "ताई, अण्णा सांगायचे गाडी आणि पखवाज दोन्ही आवाजावर दुरुस्त करायचं, उघडून बघायची घाई करायची नाही."

हे वाक्य मी घरी कधी ऐकलं नव्हतं. घरी अण्णा बोलायचेच कमी, दमलेले असायचे. आम्हाला कष्ट करणारे अण्णा माहीत होते, हे शिकवणारे, रात्री राहुटीत गवळणी म्हणणारे, पाय सुजलेल्या म्हाताऱ्यांना तेल चोळून देणारे अण्णा मला फलटण, बरड, नातेपुते असं एकेका मुक्कामाला भेटत गेले. माळशिरसच्या बाजूला स्वयंपाकाच्या भट्टीपाशी एका काकांनी सांगितलं की एकदा गॅसची भट्टी पेटेना, शंभरावर माणूस उपाशी, अण्णांनी सायकलच्या तारेनं जेट साफ करून दिला आणि मग स्वतः पिठल्याला बसले.

2020 ला पायी वारी झाली नाही, कोरोना. पादुका एसटीनं पंढरपूरला नेल्या तेव्हा अण्णा टीव्हीसमोर उभे राहिले, बसले नाहीत. फुलांनी सजवलेली ती बस बघून ढसाढसा रडले. छत्तीस वर्षं ज्या गाड्यांखाली झोपून काढली त्यात माउली बसल्या. आई म्हणाली रडताय काय, तर म्हणाले, "इंजिनचा आवाज चांगला हाय गं." आम्ही सगळे त्यांच्याबरोबर रडलो.

वेळापूरला रात्री कीर्तनात महाराजांनी सावता महाराजांचं सांगितलं. अरणचे सावता माळी मळा सोडून पंढरपूरला गेले नाहीत, आणि आजही त्यांची पालखी पंढरीला येत नाही, पांडुरंगाचीच पालखी अरणला त्यांच्या भेटीला जाते. मला तिथं रडू आवरेना. शेजारच्या बाईनं काही न विचारता पाठीवर हात ठेवला. आपले संत बघा ना, गोरोबा कुंभार, नरहरी सोनार, सेना न्हावी, सगळे हातानं काम करणारे आणि संसार असलेले. कुणी मला विचारलं की तुझे वडील धार्मिक होते का तर मी हो म्हणेन, पण देवळात कमी बसले असं पण सांगेन.

वाखरीपासून पुढे गर्दी एवढी की पाय आपोआप पुढे जातात. पंढरपुरात दर्शनाची रांग कितीतरी लांब होती, मी लावली नाही. नामदेव पायरीला डोकं टेकवलं, कळस बघितला आणि स्टँडवर गेले. जादा गाड्यांच्या गर्दीत एक गाडी बॉनेट उघडून उभी होती, मेकॅनिक आत वाकलेला. त्याला पाण्याची बाटली दिली, म्हटलं घ्या माउली. तो हात पुसत म्हणाला, "दर्शन झालं का ताई?" म्हटलं झालं.

राहुटीची एक बाजू यंदा वाऱ्यानं फाटली. दिंडीवाल्यांनी विचारलं पंढरपुरातच टाकू का शिवायला, तर मी नको म्हटलं, आमच्या घरी पाठवा. आईला फोन केला तर तिनं लगेच पायमशीनला तेल घातलं आणि विचारलं की दोरा कुठल्या नंबरचा आणू.