झालं का?

नवतपा सुरू होता. दुपारी तीनच्या उन्हात डोक्याला दुपट्टा गुंडाळून मी मेडिकलमध्ये गेलो, ते एवढ्याच हिशेबाने की त्या वेळी तिथे कुत्रंसुद्धा नसेल. तिघं होते. मी आधी ओआरएसची पाकिटं पाहिली, मग थर्मामीटरचा भाव विचारला, आणि शेवटी काउंटरवर वाकून पुटपुटलो, "ते... पोटाचं काही..."

"जुलाब लागले का काका?" काउंटरवरच्या पोरीने दुकानातल्या कूलरच्या वरताण आवाजात विचारलं.

"नाही. उलट."

"किती दिवसांपासून नाही झाली?"

मागच्या बाईंनी मोबाइलमधून डोकं वर काढलं. मी चार बोटं दाखवली.

आता ही चार बोटं म्हणजे पुण्याचे चार दिवस. माझं पोट घरकोंबडं आहे. भाच्याचं लग्न, सासुरवाडी, अगदी पाच चांदण्यांचं हॉटेल असलं तरी त्याला आपलीच जागा लागते. तीच बादली, तोच किंचित गळका नळ. एरवी परतीच्या गाडीत वर्धा मागे पडलं की आत हालचाल सुरू होते. या खेपेला अजनी आलं, नागपूर आलं, घर आलं, तो गळका नळही आला. काही नाही.

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या वाड्यात हा विषय कानात सांगायचा नव्हता. विदर्भात शाळा उघडतात जूनच्या शेवटी, त्याआधीचा एक रविवार एरंडेलाचा. दोन महिने आंबे, लग्नातल्या पंगती आणि आलूबोंडे खाल्लेले आम्ही सात पोट्टे पहाटे पाचला ओसरीवर रांगेत उभे. आजी पाटावर. पुढ्यात तेलाची बाटली, पितळेच्या पातेल्यात सुंठीचा काढा. "नाक दाब. आ कर." चमचा टाळूला टेकायचा आणि ते जाड, कोमट तेल जिभेवरून सावकाश, आपल्याला मुळीच घाई नसल्यासारखं घशाकडे निघायचं. त्याच्यावर काढ्याचा घोट, तरी ओठ दुपारपर्यंत ओशट. एका वर्षी माझ्या मावसभावाने घोट गालात धरून ठेवला आणि तुळशीत थुंकला. आजी त्याला काही बोलली नाही. तिने तुळशीची माफी मागितली.

मग मागच्या अंगणात दोन संडास आणि सात उमेदवार. एरंडेल दोन ते सहा तासांत काम करतं, त्यामुळे साडेसातपासून पळापळ. आजी जागची न हलता ओसरीवरून हाक द्यायची, "झालं का रे?" आतून उत्तर यायचं, "झालं!" वरच्या मजल्यावरचे बिऱ्हाडकरू मास्तर कठड्यावरून मोजत असायचे. दिवसभर वाड्याबाहेर पाऊल टाकायचं नाही, दुपारी मऊ भात आणि तूप. आज कोणी शहाणा डॉक्टर धडधाकट पोरांना असं तेल पाजू देणार नाही, आणि ते बरोबरच आहे. पोटात मुरडा येतो, अंगातलं पाणी जातं. शिवाय आमच्यापैकी एकाचंही पोट मुळात बिघडलेलं नव्हतं.

पण विचारायची सोय होती, ती गेली. वीसेक वर्षांपूर्वी मी असाच गुपचूप पोट साफ व्हायच्या गोळ्यांचा एक पत्ता घेऊन आलो. बिसाकोडिलची बारकी, गुळगुळीत गोळी. कशी घ्यायची हे विचारलं नाही, कारण मग थांबावं लागलं असतं. रात्री आमच्या घरच्या रिवाजाप्रमाणे गरम दुधाबरोबर घेतली. त्या गोळीवर एक लेप असतो; तो पोटात टिकून पुढे आतड्यात विरघळायचा असतो. दुधाने किंवा अ‍ॅसिडिटीच्या औषधाने तो आधीच सुटतो. माझा सुटला. मध्यरात्री पोटात कोणीतरी ओला टॉवेल पिळत होतं. त्याआधी दहा वाजता, दोन तास झाले तरी काही होत नाही म्हणून मी दुसरी गोळी घेतली होती, हे बायकोला आजतागायत माहीत नाही. सहा ते बारा तास लागतात तिला, हे पाकिटावर लिहिलेलं होतं. मी सकाळी वाचलं. वाचायला भरपूर वेळ मिळाला.

या पोरीने मात्र मला सोडलं नाही. पोट दुखतं का? उलटी? गॅस पास होतो ना? रक्त? नवीन काही गोळ्या? म्हटलं, महिन्यापासून कॅल्शियम सुरू आहे. "हां, मग," ती म्हणाली, "त्याने होऊन राहिलं असेल. डॉक्टरांना सांगा. आणि पाणी किती पिता?" नागपुरात मे महिन्यात हा प्रश्न विचारला की आपण अपराधीच ठरतो. तिने इसबगोल पुढे केलं. एक मोठा ग्लास पाणी, ढवळलं की लगेच प्यायचं, वरून आणखी एक ग्लास; कमी पाण्यात घेतलं तर घशातच फुगून बसेल. बाकीच्या गोळ्या दोन तास मागे-पुढे. आज घेतलं म्हणून आजच होणार नाही, दोन-तीन दिवसही लागतील. आठवडा झाला तरी तसंच, किंवा मध्येच पोट दुखलं, तर डॉक्टर.

इसबगोल हे मोठं मजेचं प्रकरण. नाव फारसी, घोड्याचा कान. बी दिसतं तसं म्हणे. येतं उत्तर गुजरातेतून. आमच्याकडे हेच दह्यात कालवून जुलाब थांबवायला देतात आणि हेच पाण्यातून जुलाब व्हायला. दोन्हीकडून फी घेणारा वकीलच तो. मी ग्लास विसळायचा विसरलो, तर संध्याकाळी तळाशी पतंगाच्या चिकीसारखी खळ धरली होती.

आमच्या गल्लीतले तात्या रोज चूर्ण घ्यायचे. इतवारीच्या बाजारातून आणायचे, नाव बदलून बदलून. शेवटच्या वर्षी तर तीन चूर्णं झाली. पोटाची सवय बदललीय, रक्त पडतंय, वजन उतरतंय, हे त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. रोज संध्याकाळी आम्ही ओट्यावर बसून राजकारणावर बोलायचो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आत बसलो होतो. स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, "अहो, झालं का?" शेजारच्या गॅलरीत जोशीकाकू कपडे वाळत घालत होत्या.

"नाही अजून!"

कूलर सुरू होता, तिला ऐकू गेलं नाही. मी पुन्हा ओरडलो.