आरओच्या नळीखालची बादली

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, तेव्हा आमच्या गल्लीत घागरींची रांग पहाटे चारलाच लागायची. तेव्हाची एक सवय अजून सुटली नाही: वाहतं पाणी दिसलं की हात आपोआप बादलीकडे जातो.

आरओची, म्हणजे पाणी शुद्ध करायच्या यंत्राची, वाया जाणाऱ्या पाण्याची नळी मी मोरीत सोडत नाही, बादलीत सोडते. आधी ते पाणी कुंड्यांना घालायचे. मोगऱ्याची पानं कडेनं करपली तेव्हा कळलं, त्यात क्षार साठलेले असतात. बोअरचं पाणी मुळात जड, त्यात हे आणखी जड! आता त्यानं फरशी पुसते, संडासात ओतते. कुंड्यांना डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी. आत्याबाई म्हणतात, "आमच्या वेळी याला कुणी पर्यावरण म्हणत नव्हतं गं, काटकसर म्हणायचे."

पत्र्याचं पाणी मात्र उशिरा सुचलं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. आमचे पत्रे साधारण ५०० चौरस फूट, म्हणजे १० मिलिमीटरच्या एका सरीत साडेचारशे लिटरच्या आसपास. इतकी वर्षं ते सगळं गटारात! गेल्या जूनमध्ये पन्हळ लावली, पाइप बोअरशेजारच्या शोषखड्ड्यात सोडला. पहिल्या पावसाचं पाणी बाहेरच काढायचं, पत्र्यावरची धूळ अन् कबुतरांची घाण त्यात असते.

बाकी कापडी पिशवी वगैरे आहेच. ती घरी विसरते, हे कबूल.